सांभाळणाऱ्यांचा हिशेब

१९९२ मध्ये झिम्बाब्वेच्या पूर्व सीमेवरील मुतारे शहरात आणि आसपासच्या वस्त्यांत ५७० घरांची पाहणी झाली. आई किंवा वडील गमावलेली मुले किती घरांत आहेत, हे बालरोगतज्ज्ञ जेफ फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोजायचे होते. शंभरातल्या अठरा घरांत अशी मुले निघाली. पंधरा वर्षांखालच्या दर आठ मुलांमागे एकाचे तरी आईचे किंवा वडिलांचे छत्र गेलेले होते. पण १९९५ मध्ये छापून आलेल्या या पाहणीचा निष्कर्ष 'एड्सने कुटुंबे कोसळली' या त्या काळच्या हाकाटीशी जुळणारा नव्हता. बहुतेक मुलांना नातेवाइकांनी पदरात घेतले आहे, ओढाताण करून का होईना पण नीट सांभाळले आहे, छळ किंवा राबवून घेणे फारसे दिसत नाही, असे त्यात म्हटले होते. सोबत धोक्याची सूचनाही होती. काही घरांत थोरले भावंडच घर चालवू लागले होते, आणि गोतावळ्यावर किती ताण आला आहे याची ती खूण होती.

एचआयव्हीने आई-वडील हिरावलेल्या मुलांना समाज कसा आधार देतो, यावर पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ढीगभर संशोधन झाले. त्यातले बरेचसे याच दोन वाक्यांभोवती फिरते. नातेवाईक सांभाळतात, हे खरे. पण किती दिवस, कशाच्या बळावर आणि कोणाच्या कष्टांवर? हा ढीग उपसताना माझे मत असे होत गेले, की 'समाजाचा आधार' या गोंडस नावाखाली ज्याचे कौतुक होते, ते बहुतेक वेळा गरीब बायकांचे बिनपगारी श्रम असतात. हे सरळ लिहायला संशोधकांना बराच उशीर झाला, आणि पैसे देणाऱ्यांना तर त्याहून जास्त.

सुरुवात युगांडातून झाली. टांझानियाच्या सीमेला आणि व्हिक्टोरिया सरोवराला लागून असलेल्या राकाई जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या आरंभी मच्छीमार वस्त्यांतली माणसे खंगत खंगत मरू लागली. लोकांनी त्या आजाराला 'स्लिम' असे नाव दिले. सुझन हंटर यांनी १९९० मध्ये मांडले, की या साथीने कुटुंबांचे काय होते ते पाहायचे असेल तर मागे उरलेल्या मुलांकडे पाहा. त्या वेळी अधिकाऱ्यांपासून मिशनऱ्यांपर्यंत सगळ्यांचे एक ठरलेले उत्तर होते: आफ्रिकेत अनाथ मूल ही कल्पनाच नाही, तिथला गोतावळा सगळ्यांना सामावून घेतो. जॅनेट सीली आणि सहकाऱ्यांनी नैर्ऋत्य युगांडातल्या खेड्यांत रुग्णांच्या घरी जाऊन हे तपासले आणि १९९३ च्या निबंधाच्या शीर्षकातच विचारले, हे सुरक्षेचे जाळे भोके पडलेले तर नाही ना? आजाऱ्याची उस्तवार एखाद-दुसरी बाईच करत होती. बाकीचे नातेवाईक होते, पण कुणाकडे पैसा नव्हता, कुणाच्या घरी दुसरा आजारी होता. गोतावळा मोठा असणे आणि गोतावळा मदतीला येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे पहिल्यांदा नीट दिसले.

मग पश्चिम केनियातली लुओ समाजाची पाहणी आली. एरिक न्यांबेधा आणि सहकाऱ्यांनी सरोवराकाठच्या न्यांगोमा भागात जे पाहिले, ते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागणार नाही. लुओ समाजात बापाविना पोराची जबाबदारी भावकीची, म्हणजे चुलत्यांची. पण अठरा वर्षांखालच्या तीन मुलांमागे एकाने आई किंवा वडील गमावले होते, नऊ मुलांमागे एकाने दोघेही. एवढ्या मुलांना चुलते पुरणार कुठून? अठ्ठावीस टक्के अनाथ मुले रूढीच्या दृष्टीने 'चुकीच्या' घरी, म्हणजे आजोळी किंवा थेट परक्यांकडे वाढत होती. मुतारेतही आईकडचेच नातेवाईक पुढे आलेले दिसले होते. रूढी मोडली म्हणून मुले वाचली. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि 'कुटुंबव्यवस्था कोसळली' म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा निष्कर्ष सारखाच दुर्लक्षिला, याचे मला नवल वाटते.

आजोळ म्हटले की आजी आलीच. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कित्येक देशांत आई-बाप गेलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी आजी-आजोबांकडे वाढली, आणि त्यात आजोबा क्वचितच. ज्या वयात लेकाने सांभाळायचे, त्या वयात लेकाला पुरून त्याची चार पोरे सांभाळायला घेतलेल्या या बायका. पूर्व झिम्बाब्वेत कॉन्स्टन्स न्यामुकापा आणि सायमन ग्रेगसन यांनी शाळेचे आकडे लावले, तेव्हा बाई कर्ती असलेल्या घरांतली अनाथ मुले शिक्षणात तग धरून होती. ज्यांची आई गेली आणि बाप उरला ती मागे पडत होती. सावत्र आईच्या गोष्टी सांगून हे उडवून लावता येईल. पण ती राहत होती ती घरे तुलनेने बऱ्या परिस्थितीतली, म्हणून मदतीच्या यादीत या मुलांचे नावच येत नव्हते, हेही त्यातले एक कारण होते.

नात्यापलीकडचा आधारही होता, आणि तो कुणा बाहेरच्या संस्थेने आणलेला नव्हता. इथिओपियात 'इद्दिर' नावाची मंडळे आहेत. सभासद दरमहा ठरावीक वर्गणी देतात आणि कुणाच्या घरी मृत्यू झाला की अंत्यविधीचा खर्च, मांडव, जेवण सगळे मंडळ पाहते. आपल्याकडच्या भिशीला मर्तिकाच्या मदतीची जोड द्यावी, तसे काहीसे. एड्सने मयतांची संख्या इतकी वाढवली, की इद्दिरांचे गल्ले रिकामे होऊ लागले. तेव्हा काही मंडळांनी मेलेल्यांऐवजी मागे राहिलेल्या पोरांवर पैसा खर्चायला सुरुवात केली. झिम्बाब्वेत 'झुंदे रामाम्बो' ही जुनी रीत होती: गावप्रमुखाच्या शेतावर सगळ्यांनी राबायचे आणि ते धान्य निराधारांसाठी कणगीत ठेवायचे. साथीच्या काळात तिला पुन्हा उजाळा मिळाला. मलावीत खेड्याखेड्यांत समित्या झाल्या, बायकांनी चालवलेल्या बालवाड्या उभ्या राहिल्या. या सगळ्यावर अभ्यास आहेत, पण वर्णनाच्या अंगाने. किती मुलांना काय फरक पडला, हे क्वचितच मोजले गेले. संशोधनाला पैसा प्रकल्पांच्या मूल्यमापनासाठी मिळतो, आणि झुंदेला कुणी प्रकल्प-अधिकारी नसतो.

मध्यंतरी मदतीचा पूर आला. १९९७ पासून निघालेल्या 'चिल्ड्रन ऑन द ब्रिंक' या अहवालमालेने जगापुढे आकडे ठेवले. आई किंवा वडील, कुणीही एक गेले तरी मूल अनाथ मोजायचे, अशी व्याख्या होती. वयाची मर्यादा आधी पंधरा, नंतर अठरा. मोजणीसाठी ती ठीकच, पण देणगीदारांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते जगात कुणीच नसलेले मूल. एड्समुळे आई किंवा वडील गमावलेल्या मुलांची संख्या अगदी अलीकडेही १ कोटी ४० लाखांच्या घरात होती, आणि त्यातली बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडची. २००९ मध्ये 'होम ट्रुथ्स' हा आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाचा अहवाल आला. त्याने सांगितले, की अनाथ म्हणून मोजलेल्यांपैकी सुमारे ८८ टक्के मुलांचा एक पालक जिवंत आहे, आणि एचआयव्हीची झळ बसलेली ९५ टक्के मुले आपल्याच घरच्यांकडे किंवा नात्यात राहतात. खर्चाचा साधारण नव्वद टक्के भार कुटुंबे आणि गावेच उचलतात. सगळ्या जगाचा निधी उरलेल्या दहा टक्क्यांत.

'मुलांनीच चालवलेली घरे' ही दुसरी लाडकी प्रतिमा. केपटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय पाहण्या चाळल्या, तेव्हा अशी मुले एक टक्क्याहूनही कमी निघाली, त्यांची संख्या वाढतही नव्हती आणि त्यातल्या बहुतेकांचे निदान एक पालक हयात होते. बरीचशी घरे तात्पुरती होती: आई शहरात कामाला, किंवा आजी नुकतीच गेलेली आणि मामा अजून यायचा.

चुकीच्या चित्राची किंमत मुलांनी मोजली. पैसा अनाथालयांकडे वळला. लिंडा रिक्टर आणि अ‍ॅमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये 'एड्स अनाथ पर्यटना'वर लिहिले. परदेशी तरुण दोन-चार आठवड्यांसाठी येतात, लहानग्यांना लळा लावतात आणि निघून जातात. लळा लागून तुटण्याचा हा फेरा त्या मुलांच्या वाट्याला पुन:पुन्हा येतो. गावात तर आणखी विचित्र घडले. एकाच झोपडीत राहणाऱ्या चार मुलांपैकी दोघांना, ती अनाथ म्हणून, गणवेश आणि वह्या. उरलेल्या दोघांना, आई-बाप आहेत म्हणून, काही नाही. आजीने काय करावे? ती वह्या फाडून चौघांत वाटते, आणि प्रकल्पाच्या अहवालात 'मदत लाभार्थ्यापर्यंत पोहोचली नाही' अशी नोंद होते.

अनाथपण मोठे की गरिबी मोठी, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी बराच काळ खेळवला. अ‍ॅन केस, क्रिस्टिना पॅक्सन आणि जोसेफ अ‍ॅबलडिंगर यांनी आफ्रिकेतल्या दहा देशांच्या १९ पाहण्या घेऊन २००४ मध्ये दाखवले, की एकाच घरातल्या मुलांतही अनाथ मूल शाळेत कमी जाते, आणि घरकर्त्याशी नाते जितके दूरचे तितकी शाळा दूर. मार्था एन्सवर्थ आणि डियॉन फिल्मर यांनी ५१ देशांचे आकडे मांडून उत्तर दिले, की देशादेशांत इतका फरक आहे की एकच नियम सांगता येत नाही. गरीब आणि सुखवस्तू मुलांमधली दरी बहुतेक ठिकाणी कितीतरी मोठी आहे. दोघेही बरोबर आहेत, असे मला वाटते. पहिल्यांनी घराच्या आत पाहिले, दुसऱ्यांनी घराबाहेरून. वाद सोडवला तो एकाच मुलामागे वर्षानुवर्षे जाणाऱ्या अभ्यासांनी. टांझानियाच्या कागेरा भागात १९९० च्या दशकाच्या आरंभी पाहिलेली मुले २००४ मध्ये पुन्हा शोधली गेली. लहानपणी आई गमावलेल्यांची उंची मोठेपणी सरासरी दोन सेंटिमीटरने कमी आणि शिक्षण एका वर्षाने कमी भरले. केनियातल्या बुसियात डेव्हिड इव्हान्स आणि एडवर्ड मिगेल यांना आणखी एक गोष्ट दिसली: शाळेतली हजेरी पालकाच्या मृत्यूच्या आधीपासूनच घसरू लागते. म्हणजे मदतीची वेळ अंत्ययात्रेनंतरची नाही. आजारपण घरात आले तेव्हाच पोरगी शाळा सोडून उशाशी बसलेली असते.

मनाचे काय होते, हे त्याही उशिरा तपासले गेले. ल्यूसी क्लूव्हर यांनी केपटाऊनच्या वस्त्यांतल्या हजारावर मुलांशी बोलून २००७ मध्ये दाखवले, की एड्सने पालक गेलेल्या मुलांत नैराश्य आणि आघाताच्या खुणा इतर कारणांनी अनाथ झालेल्यांपेक्षाही अधिक आहेत. मधला दुवा होता लांच्छनाचा. मृत्यू तोच, पण त्याचे कारण उच्चारायची चोरी. युगांडात 'नाकवोला' या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांच्या संघटनेने आठवणींच्या वह्यांचा उपक्रम चालवला. आई हयात असतानाच मुलांसाठी लिहून ठेवते: तुझा जन्म कसा झाला, आपले नातेवाईक कोण, मला काय आजार आहे. मला हा सगळ्या उपक्रमांतला सर्वांत शहाणा वाटतो, कारण त्यात मुलाशी खरे बोलायला आईला निमित्त मिळते. परिणाम सिद्ध झाला आहे का? २००९ मध्ये अशा मानसिक आधाराच्या उपक्रमांचा कोक्रेन पद्धतीने, म्हणजे ठरलेल्या कडक निकषांवर, आढावा घेतला गेला. त्याच्या लेखकांत मुंबईत वाढलेले आणि गोव्यातल्या 'संगत' या संस्थेचे सहसंस्थापक असलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेलही होते. निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना सापडला नाही. साथ सुरू होऊन पंचवीसहून जास्त वर्षे उलटली होती.

त्यानंतर मात्र चांगले अभ्यास येत गेले, आणि आज काही गोष्टी बऱ्याच खात्रीने सांगता येतात.

पहिली गोष्ट घरभेटीची. घरी जाऊन भेट देणे हा या कामाचा कणा. १९९३ मध्ये मुतारेच्या आसपास सुरू झालेल्या 'फोकस' कार्यक्रमात चर्चमधल्या बायका, त्यातल्या कित्येक विधवा, आपापल्या वस्तीतल्या अनाथ मुलांच्या घरी नेमाने जात. थोडे बियाणे, एखादी चादर, कुणाची फी. खर्च अगदी थोडा, म्हणून जगभर या नमुन्याचे कौतुक झाले आणि नकला निघाल्या. कौतुकामागचा हिशेब मात्र असा, की स्वयंसेविकेच्या वेळेची किंमत शून्य धरली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत टोन्या थर्मन आणि सहकाऱ्यांनी तुलना केली. प्रशिक्षण आणि मानधन मिळणाऱ्या बालसेविका जिथे घरी जात, तिथे सरकारी अनुदान मिळवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण वाढले. निव्वळ स्वयंसेवकांच्या भेटींनी तसा फरक पडला नाही. यात स्वयंसेविकांचा दोष नाही. जन्मदाखला, मृत्यूचा दाखला, ताबा कुणाकडे याचा कागद, कचेरीच्या चार खेपा, हे सगळे उपाशीपोटी होत नाही.

दुसरी गोष्ट रोख पैशाची. दक्षिण आफ्रिकेने १९९८ मध्ये बालसंगोपन अनुदान सुरू केले. मूल अनाथ आहे का हे न विचारता, घर गरीब आहे का एवढेच पाहून. क्लूव्हर यांच्याच २०१३ च्या अभ्यासात साडेतीन हजार किशोरवयीन मुले-मुली होत्या. अनुदान मिळणाऱ्या घरांतल्या मुली पैशासाठी किंवा वयाने बऱ्याच मोठ्या पुरुषांशी शरीरसंबंधांत कमी अडकल्या. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवले, की पैशाला घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाच्या आधाराची जोड मिळाली तर परिणाम वाढतो. झिम्बाब्वेच्या मनिकालँडमध्ये काही गावांना अटीविना आणि काहींना शाळा-लसीकरणाच्या अटी घालून पैसे दिले गेले. शाळेतली हजेरी दोन्हीकडे जवळपास सारखीच, सुमारे सात टक्क्यांनी वाढली. बाई पैसे उधळेल, म्हणून अटी घाला, असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा. पूर्व झिम्बाब्वेतच २५ शाळांतल्या ३२९ अनाथ मुलींपैकी काहींना फी, गणवेश आणि शाळेतलीच एक लक्ष ठेवणारी शिक्षिका मिळाली. दोन वर्षांत त्यांच्यातली गळती ८२ टक्क्यांनी आणि लग्ने ६३ टक्क्यांनी कमी भरली.

तिसरी गोष्ट स्वतः या मुलांची. झिम्बाब्वेत 'झ्वान्दिरी' कार्यक्रमात एचआयव्हीसह वाढलेली तरुण मुले आपल्यासारख्याच लहानांच्या घरी जातात, गोळ्यांची आठवण करतात, गप्पा मारतात. २०२० मध्ये छापलेल्या चाचणीत अशी सोबत मिळालेल्यांपैकी २५ टक्के मुलांत विषाणू आटोक्याबाहेर होता किंवा मूल दगावले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. आधार घेणारा आधार देणारा झाला, आणि तो आकड्यांतही दिसला.

अनाथालयांचा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. कॅथरिन व्हेटन यांच्या २००९ च्या अभ्यासात पाच देशांतल्या सहा ते बारा वर्षांच्या मुलांची तुलना झाली. भारतातली ठिकाणे हैदराबाद आणि नागालँड. संस्थेतली मुले नात्यात वाढणाऱ्यांपेक्षा वाईट स्थितीत नव्हती. संस्थांविरुद्ध असलेल्यांना हे रुचले नाही. पण यातून 'संस्था बऱ्या' असा अर्थ काढणे घाईचे आहे. तान्ह्या मुलांबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही, आणि घरांना पैशाचा आधार दिला तर काय होईल, हेही तपासत नाही. नातवंडे सांभाळणाऱ्या आजीला संस्थेतल्या दर मुलामागचा निम्मा खर्च दिला असता, तर काय दिसले असते?

महाराष्ट्रात हा प्रश्न परका नाही. देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची सर्वाधिक संख्या इथे, चार लाखांच्या आसपास. १९९७ मध्ये विजयाताई लवाटे यांनी पुण्याजवळ एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'मानव्य' सुरू केले, पुढे रवी बापटले यांनी लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात 'सेवालय' उभारले. 'सेवालया'तल्या मुलांना गावच्या शाळेत बसू देण्यावरून विरोध झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. आपल्याकडच्या लेखनात अशा संस्था आणि त्यांचे चालक ठळक दिसतात. नात्यात वाढणारी मुले दिसतच नाहीत. २००६ मध्ये राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने महाराष्ट्रासह सहा राज्यांत २,०६८ एचआयव्हीबाधित कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. नवऱ्याच्या मागे सासर सुटलेल्या आणि मालमत्तेतला वाटा नाकारला गेलेल्या विधवांचे प्रमाण त्यात मोठे होते. अशी विधवा मुले घेऊन माहेरी आली, म्हणजे पुन्हा आजोळच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने (तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे) अशा मुलांच्या मालमत्तेला संरक्षण दिले. बारा ते अठरा वर्षांच्या समजदार भावंडाला धाकट्याचे पालक म्हणून दवाखान्यात, शाळेत सही करण्याचा अधिकारही दिला. मुतारेत फॉस्टर यांना जी धोक्याची खूण वाटली होती, तिला आपण कायद्यात जागा करून दिली. तरतूद चांगलीच आहे. पण ती वापरली किती जाते, यावर मराठी मुलखातून एखादा अभ्यास व्हायला हवा.

मुले अनाथ होऊ न देण्याचा सर्वांत मोठा उपाय शेवटी औषधच ठरला. भारतात १ एप्रिल २००४ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणारी औषधयोजना, मोफत झाली, आफ्रिकेत त्याच सुमारास अमेरिकेच्या 'पेपफार' निधीने ती पोहोचली. त्या निधीतला दहा टक्के हिस्सा मुलांसाठी राखीव होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. क्लूव्हर आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये हिशेब मांडला: 'पेपफार' बंद पडला तर २०३० पर्यंत आणखी २८ लाख मुले अनाथ होतील. पुन्हा 'समाज सांभाळून घेईल' असे म्हणणारे पुढे येतील. तीस वर्षांच्या संशोधनाचा निकाल त्यांच्या विरुद्ध आहे. समाज सांभाळतो, पण फुकट नाही. ती किंमत पोराच्या उंचीतून, पोरीच्या शाळेतून आणि आजीच्या भाकरीतून वसूल होते.

आपल्या राज्यात बालसंगोपन योजनेखाली अशा मुलाला नातेवाइकांकडे राहूनही दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. एक पालक हयात असला, किंवा पालक एचआयव्हीसह जगत असला, तरीही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात होतो. तुमच्या ओळखीत नातवंडे सांभाळणारी अशी एखादी आजी असेल, तर तिच्यासोबत कागद घेऊन एकदा तिथे जाऊन या.